ओला राहण्यासाठी वाळणारा कांदा

एप्रिलमधली सकाळ. दहासुद्धा वाजलेले नाहीत, पण सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंगच्या शिवारात उन्हाचे चटके बसायला लागलेत. रस्त्यालगतच्या एका रानात उपटलेला कांदा पसरलाय. लांबून बघितलं तर वाटतं, उपटला तिथं टाकला. जवळ जाऊन बघा. पहिल्या ओळीतल्या कांद्यांवर दुसऱ्या ओळीची पात आलीय, दुसरीच्या कांद्यांवर तिसरीची, आणि असंच बांधापर्यंत. कौलारू घराच्या छपरावर कौलं चढवतात ना, अगदी तशी मांडणी. कांदा उन्हात वाळत घातलाय, आणि उन्हापासून झाकूनही ठेवलाय!

आता वाळवायचंय की झाकायचंय? हा प्रश्न मनात आला की कांद्याच्या पाकळ्या एकेक करून सुटायला लागतात, आणि प्रत्येक पाकळीखाली एक नवल निघतं.

या पट्ट्यात मराठीच्या बरोबरीनं कन्नडही कानावर पडते. इथल्या कित्येक घरांत कांदा म्हणजे उळ्ळागड्डी. भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा आणि शेंगाचटणी इथं रोजची. एप्रिलमध्ये उपटलेला हाच कांदा श्रावणातल्या भाकरीबरोबरही तितकाच रसरशीत निघतो. चार-पाच महिने! फ्रीज नाही, बर्फ नाही, मीठ नाही, तेल नाही. दुधी भोपळा चार दिवसांत मान टाकतो, कोथिंबीर दोन दिवसांत. मग पाण्यानं भरलेला हा गोळा इतके महिने टिकतो कसा?

उत्तर सोपं वाटतं, वाळवला म्हणून. पण मिरची वाळवतात, कुरडया वाळवतात, द्राक्षांचा बेदाणा करतात, तेव्हा त्यांच्यातलं पाणी घालवायचं असतं. कांद्याचं बघा. शेतात वाळवला, सावलीत वाळवला, महिनाभरानं कापला, तरी १०० ग्रॅम कांद्यात ८५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतंच. मग इतके दिवस वाळलं काय? वाळले बाहेरचे दोन-तीन पापुद्रे आणि वरची मान. बस्स. आतला कांदा ओला राहावा म्हणून बाहेरचा कांदा वाळवायचा, असा हा सगळा मामला आहे.

हे नीट कळायला घरातलाच एक कांदा घ्या आणि देठापासून बुडापर्यंत उभा चिरा. खाली मुळ्यांच्या वर एक पांढरी टणक चकती दिसेल, जेमतेम नखाएवढी. भाजी चिरताना आपण ती कापून टाकतो. कांद्याचं खोड तेवढंच. त्या चकतीवरून निघालेल्या सगळ्या पाकळ्या म्हणजे पानांचे बुडखे. वर शेतात डोलणारी हिरवी पात आणि खाली ताटातली पाकळी, एकाच पानाची ही दोन टोकं. पानाचा वरचा भाग उन्हात अन्न शिजवतो आणि खालचा भाग ते साठवत फुगत जातो. मधोमध आहे एक छोटासा कोवळा डोळा. पुढच्या हंगामात फुलावर येणारं झाड त्यात झोपलेलं आहे. आपण ज्याला भाजी म्हणतो, तो खरं तर त्या डोळ्याचा डबा. पुढच्या प्रवासासाठी बांधून घेतलेली शिदोरी!

आता मानेकडे या. खोड तर तळाशी नखाएवढं. मग कांद्याच्या डोक्यावरची ती मान उभी राहते कशी? ती आहे गुंडाळलेल्या पानांची नळी, आणि तिला आधार असतो आतून वर येणाऱ्या नव्या पानांचा. जोवर नवी पात येतेय, तोवर नळी आतून भरलेली असते आणि ताठ राहते. मग दिवस मोठे होऊ लागतात, ऊन वाढतं. आपल्याकडच्या जातींना साधारण ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो. पात हा दिवस अक्षरशः मोजते, आणि पुरेसा उजेड झाला की निरोप खाली चकतीपर्यंत पोचतो: आता पात पुरे, साठवण सुरू. त्यानंतर आत जी पानं तयार होतात, त्यांना वरची हिरवी पात येतच नाही, नुसता बुडखा तेवढा येतो. नळीतून वर येणारं कुणी उरत नाही. नळी पोकळ होते. आणि एके दिवशी, वारा नसतानाही, पात स्वतःच्याच वजनानं आडवी होते.

शेतकरी याला ‘माना पडल्या’ म्हणतात. शेतातल्या निम्म्या माना पडल्या की कांदा काढायला आला. किती साधी खूण! पण तिच्यामागे पानानं मोजलेले दिवस आहेत, चकतीत बदललेला बेत आहे आणि आतून रिकामी होत गेलेली एक नळी आहे.

सोलापूरकडच्या पावसाळी कांद्यात ही खूण पटकन सापडत नाही, आणि तिथंच गोष्ट आणखी रंगते. खरिपाचा लाल कांदा तयार होतो तो हिवाळ्याच्या तोंडावर, दिवस लहान होत असताना. झाडाला थांबण्याचा निरोप धड मिळत नाही. ते नवी पात काढतच राहतं, मान आतून भरलेली आणि जाडच राहते, पडत नाही. म्हणून रिकामा ड्रम शेतातून लोळवून माना मुद्दाम पाडायचा सल्ला देतात. तरीही हा कांदा टिकाऊ होत नाही, तो लगोलग बाजार गाठतो. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तिचं एक मोठं कारण हेच आहे. त्या कांद्याला थांबताच येत नाही. त्याची मान मिटलेली नसते.

मान मिटणं एवढं महत्त्वाचं का?

बाळाची नाळ आठवा. कापल्यावर उरलेला ओला तुकडा आठ-दहा दिवसांत सुकतो, आक्रसतो, गळून पडतो, आणि पोटाची ती वाट कायमची बंद होते. तोवर घरातल्या आजीचा जीव त्या जागेवर टांगलेला असतो, कारण ओली नाळ म्हणजे जंतूंना उघडं दार. कांद्याची मान म्हणजे त्याची नाळ. ती ओली असताना कापली तर थेट गाभ्यापर्यंत जाणारी नळी उघडी पडते, आणि बुरशीला आत शिरायला दुसरी वाट शोधावी लागत नाही. मान पातीसकट सावकाश सुकली की पापुद्रे एकमेकांवर दाबून बसतात आणि पोत्याचं तोंड सुतळीनं आवळावं तशी ती वाट बंद होते.

म्हणून सगळी खटपट मानेभोवती चालते. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडतात. कांदा उपटल्यावर तीन-चार दिवस पातीसकट शेतातच ठेवतात. मग मानेचा इंच-दीड इंच तुकडा ठेवून पात कापतात. अगदी बुडाशी कापत नाहीत, कारण मिटायला मान शिल्लक तर हवी! नंतर दहा-पंधरा दिवस सावलीत, वाऱ्याला.

पण पात लगेच कापली तर काय बिघडतं? शेतात पडलेली, पिवळी पडत चाललेली पात आपल्याला कचरा वाटते. आत मात्र निरवानिरव चाललेली असते. पातीतली उरलीसुरली साखर खाली कांद्यात उतरते, आणि तिच्यासोबत ॲब्सिसिक आम्लासारखी द्रव्यंही. हा वनस्पतींचा थांबा-संकेत. त्या मधल्या डोळ्याला तो सांगतो, अजून उठायचं नाही. घर सोडताना आईनं दिवे मालवावेत, बाळाला पांघरूण घालावं आणि मग बाहेर पडावं, तशी पात जाते. हिरवी असतानाच छाटली तर ही झोप कच्ची राहते आणि कांद्याला कोंब लवकर फुटतो.

ती कौलांची मांडणी आता उलगडते. वळसंगचं एप्रिलमधलं ऊन म्हणजे पारा चाळिशीपार. उघड्या कांद्यावर ते थेट पडलं तर कातडीखालच्या पेशी भाजतात, तिथं मऊ डाग पडतो आणि पुढं तो सडतो. हवा आहे तो वारा आणि ऊब, ऊन नव्हे. आणि शेजारच्या ओळीची मरत चाललेली पात ती सावली फुकट देते. हे पहिल्यांदा ज्याला सुचलं त्याचं नाव कुठंच नोंदलेलं नाही. मला त्या अनाम माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. तो वाळका पापुद्रा!

आपण तो सोलून कचऱ्यात टाकतो. व्यापारी मात्र कांदा हातात घेऊन आधी तोच बघतो, ‘डबल पत्ती’, म्हणजे दुहेरी पापुद्रा आहे ना. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पातळ साल बघितलेली आठवते? विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसायच्या. त्याऐवजी कोरडा लालसर पापुद्रा ठेवला तर त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे चौकोनी-लांबट स्फटिक चमकताना दिसतात. आणि स्फटिकांहून भारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जे. सी. वॉकर नावाचे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी एका कोड्यात अडकले होते. कांद्यावर काळपट डाग पाडणारी एक बुरशी पांढऱ्या कांद्याला सहज धरायची, पण लाल-पिवळ्या कांद्याला धरायची नाही. बरं, लाल कांद्याचे वाळके पापुद्रे सोलून टाकले की तोही बळी पडायचा! म्हणजे राखण गाभा करत नव्हता, कातडी करत होती. तीही मेलेली कातडी. वॉकर यांनी रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांना हाताशी धरलं. १९२९ साली रंगीत पापुद्र्यातून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल हाती लागलं आणि १९३३ साली कॅटेकॉल. पापुद्र्यावर पाण्याचा थेंब पडला की ही द्रव्यं त्यात विरघळतात. बुरशीचं बीज नेमकं त्याच थेंबात रुजायला बघतं, आणि तिथंच मरतं. एखादी वनस्पती रोगाला का बधत नाही, याचं कारण थेट रसायनाच्या नावानिशी सांगता आलं, अशी ही अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक गोष्ट.

आता थांबून विचार करा. पाकळी जिवंत असताना तिच्यात क्वेर्सेटिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचे साठे असतात. पाकळी वाळते, तपकिरी होते, त्या रंगद्रव्याचं रूपांतर होतं, आणि त्यातून हे बुरशीनाशक तयार होतं. म्हणजे बाहेरची पाकळी मरताना आतल्यांसाठी औषध बनवून जाते. सावलीतल्या त्या दहा-पंधरा दिवसांत कांदा नुसता सुकत नसतो, स्वतःचं चिलखत रंगवत असतो. ढीग दिवसेंदिवस गडद लाल आणि चकचकीत होत जातो, ती या कामाची आपल्याला दिसणारी बाजू. हे औषध सगळ्याच बुरशींवर चालत नाही. कांद्यावर काजळी धरणारी काळी बुरशी लाल कांद्यालाही सोडत नाही. पण एका मेलेल्या पापुद्र्याकडून याहून जास्त काय मागायचं?

त्या लिंकसाहेबांची पुढची गोष्ट इथं सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याची जनावरं रक्तस्रावानं मरत होती, आणि त्यानं डब्यातून आणलेलं रक्त गोठतच नव्हतं. दोष निघाला चाऱ्यात. स्वीट क्लोव्हरचं गवत नीट वाळलं नव्हतं, ओलसर राहून बुरसटलं होतं आणि त्या बुरशीनं गवतातल्या सुवासिक द्रव्याचं विष करून ठेवलं होतं. ते विष लिंक यांच्या प्रयोगशाळेनं १९३९ साली वेगळं काढलं. त्याच्या भाऊबंदांतूनच पुढं वॉरफरिन हे औषध आलं. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हृदयविकाराच्या कितीतरी रुग्णांना ते आजही देतात. एका माणसाच्या हातून दोन शोध लागले. एक नीट वाळलेल्या कांद्यातून, दुसरा नीट न वाळलेल्या चाऱ्यातून!

मग पांढऱ्या कांद्यानं काय करायचं? त्याच्याकडे तर हे रंगीत चिलखत नाही. अलिबागकडे जा. कार्ले, खंडाळे या भागात पिकणाऱ्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याची पात कापतच नाहीत. वाळलेली पात एकमेकींत गुंफून वेणी घालतात आणि कांद्यांच्या माळा टांगतात. कांद्याला कांदा घट्ट चिकटत नाही, चारी बाजूंनी वारा लागतो, मान कुठं कापलेलीच नसते. दमट कोकणात, कातडीचं औषध नसलेल्या कांद्यासाठी याहून चांगली व्यवस्था एखाद्या प्रयोगशाळेला सुचली असती का, मला शंका आहे.

इकडे वळसंगकडे पाऊस कमी, साठवायला कांदाचाळ. चाळीकडे लोक शेड म्हणून बघतात. तिला एक फुप्फुस म्हणून बघा. कारण आतला कांदा जिवंत आहे. तो श्वास घेतो, प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि त्यात थोडी ऊब आणि थोडी वाफ बाहेर टाकतो. एका कांद्याची ऊब तळहातालाही जाणवणार नाही. पण काही टन कांदे एकत्र आले की ढीग आतून तापतो आणि घामेजतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, भिंतींना फटी, कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि ढिगाची उंची चार-पाच फूट. गरम हवा वर निघून जाते, तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. कांद्याच्या श्वासाची ऊबच त्याची हवा खेळती ठेवते.

आणि तापमान? इथं तर डोकं चक्रावतं. कांदा शून्य अंशाजवळ छान टिकतो, हे पटतं. पण तो २५ ते ३० अंशांतही छान टिकतो! बिघडतो तो या दोहोंच्या मध्ये, दहा ते वीस अंशांच्या सुखद गारव्यात. तिथं कोंब भराभर निघतात. हे असं उफराटं का? कांद्याचं मूळ घर मध्य आशियात, त्याचे रानटी भाईबंद आजही तिथल्या डोंगरांत उगवतात. तिथला उन्हाळा कडक आणि कोरडा. तेव्हा वर डोकं काढणं म्हणजे मरण. म्हणून उष्ण आणि कोरडं म्हणजे झोपायची वेळ, गार आणि ओलसर म्हणजे उठायची वेळ, अशी शिस्त त्याच्या अंगात मुरलेली आहे. सोलापूरचा उन्हाळा आपल्याला नकोसा होतो. चाळीतल्या कांद्याला तो माहेरच्यासारखा वाटत असावा.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं ‘कृषक’ केंद्र आहे. कोंब फुटू नये म्हणून तिथं कांद्यावर गॅमा किरणांचा अगदी थोडा मारा करतात. पाकळ्या जिवंत राहतात, मधल्या डोळ्याची वाढ मात्र थांबते. पण तिथंही कांदा न्यायचा तो नीट सुकवलेलाच. ओल्या मानेतून आत शिरलेली सड किरणांनी परत निघत नाही.

मला वाटतं, या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त अन्याय होतो तो सावलीतल्या त्या दहा-पंधरा दिवसांवर. भाव चढला की कांदा ओल्या मानेनं गोणीत जातो, ढग दाटून आले की घाईघाईनं चाळीत जातो. दोन्हीत दोष शेतकऱ्याचा नाही. डोक्यावर अवकाळी पाऊस असताना दोन आठवडे थांबायला छातीबरोबर छप्परही लागतं. चाळीला अनुदान मिळतं, तसंच आधी सुकवायच्या सावलीच्या छपरालाही मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. चाळीत सडणाऱ्या कितीतरी कांद्याचं दुखणं तो चाळीत शिरण्याआधीच सुरू झालेलं असतं.

आपल्या हातात काय आहे? पुढच्या वेळी साठवणीचा कांदा घ्याल तेव्हा रंगावर जाऊ नका. कांदा हातात घ्या आणि मान अंगठा-बोटाच्या चिमटीत दाबा. कागदासारखी कुरकुरली आणि आत काही सरकलं नाही, तर ती मिटलेली आहे. मऊ, जाड किंवा ओलसर लागली तर तो कांदा या आठवड्यातच संपवा. घरी आणलेला कांदा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, फ्रीजमध्येही ठेवू नका. जाळीच्या टोपलीत, वाऱ्याच्या जागी ठेवा. तो अजून श्वास घेतोय.